डाव्या हाताचा बोर्ड

९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण आपल्या घरचा फोन कायम दादाच्या उशाशी. त्याला यातलं अक्षर कळलं तर पहिल्या गाडीनं येईल आणि बहिणीला मानगुटीला धरून घरी नेईल. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या शिंपीण मैत्रिणीच्या पत्त्यावर. उत्तर माझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठव.

तर झालं असं. आमच्या मोटारींच्या वायरींच्या कारखान्यात दोन महिन्यांपूर्वी स्टुलं काढून टाकली. उभ्यानं काम जास्त होतं म्हणे. मग संडासला जायला लाकडी बिल्ला केला, अख्ख्या लाइनला एक. तो एकीच्या गळ्यात असेपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची. परवा एक पोरगी उभ्या उभ्या कोसळली, तर सुपरवायझरनं आधी तिच्या हातातलं कनेक्टर तुटलं का ते पाहिलं!

आमच्यात एक वकीलीण आहे. वकिली शिकलेली नाही, वाद घालते म्हणून हे नाव. ती म्हणाली, युनियन काढू. आम्ही सातजणी नवे कपडे घालून कामगार कचेरीत गेलो. तिथला कारकून आमच्याकडे बघत राहिला आणि हसायलाच लागला. म्हणाला, "अहो बाई, तुमची युनियन आहे की! कारखाना सुरू झाला त्याच्या आधीपासून आहे."

वहिनी, मी सहा वर्षं एका युनियनमध्ये आहे आणि मला माहीत नाही! पुढारी कोण, तो कुठे बसतो, बाई आहे की बुवा, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही गेलो होतो लग्न जमवायला आणि कळलं, आमचं लग्न झालेलंच आहे. आता काडीमोड कसा घ्यायचा, हे विचारायलाही नवऱ्याचा पत्ता नाही.

मला काही सुचत नाही. तू असतीस तर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले असते. दादाला सांगू नकोस.

तुझी डावरी


१८ फेब्रुवारी

डावरे,

तुझं पत्र शिंपिणीनं आणून दिलं ते उघडं. तिनं वाचलंय, नाही म्हणते, पण हसत होती.

बाई गं, तुला कुणी सांगितलं नसत्या उठाठेवी करायला? स्टूल नाही तर नाही. आमच्याकडे तरी कुठे आहे? मी या घरात आले तेव्हा तू एवढीशी होतीस, डाव्या हातानं लिहितेस म्हणून मास्तरांचा मार खायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव्यानंच लिहायचीस. तो हट्ट अजून गेला नाही. चार दिवस गप्प बस, वकिलीणीला वाद घालू दे. पुढे असतो त्यालाच ठेच लागते.

इकडे सगळं ठीक. दादा मजेत आहे, कामावर जातो येतो. माझी एक आनंदाची बातमी: मला लाइन लीडर केलंय! तीसजणी माझ्या हाताखाली. वॉशिंग मशीनच्या वायरी आहेत, सोप्या, तुमच्यासारख्या किचकट नाहीत. अजून कंत्राटीच आहे, पण साहेब म्हणतात, मोठं काम येणार आहे. ते वेळेत दिलं तर सगळ्या पर्मनंट. मी देवाचं नाव घेऊन कामाला लागलेय.

जेवत जा. तुझ्या पत्रात जेवणाचा एक शब्द नव्हता.

तुझी वहिनी


२ मार्च

वहिनी,

गप्प बसायचा सल्ला उशिरा पोचला. आम्ही बाहेर आहोत.

स्टूल परत मागायला सगळी लाइन ऑफिसात गेली. बाहेर येईपर्यंत आमच्या जागा सील केल्या आणि गेटला कुलूप. आता हा संप आहे की टाळेबंदी, यावर वकीलीण आणि कामगार कचेरी यांचा रोज वाद होतो. आम्ही गेटसमोर ताडपत्री बांधून बसलोय.

आणि ऐक, आमचा पुढारी अवतरला! पांढऱ्या गाडीतून उतरला, अंगाला अत्तर. म्हणाला, "मी तुमच्या युनियनचा सरचिटणीस. संप मी पुकारलेला नाही, म्हणून तो बेकायदा आहे." एवढं बोलून पुन्हा गाडीत. सहा वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या आणि उतरला तो शेळ्यांना ओरडायला. एका म्हातारीनं वकिलीणीला विचारलं, "हा आपल्या बाजूचा ना?"

पण एक गोष्ट पक्की आहे. आमच्याशिवाय ते काम कुणाला येत नाही, आणि परदेशच्या गाडी कंपनीला माल तर हवाच आहे. वकीलीण म्हणते, गेट सोडायचं नाही. आतला खिळासुद्धा बाहेर जाता कामा नये, मग झक मारत बोलणी करतील. आम्ही पाळ्या लावल्यात, गेटवर सतत कुणीतरी असतं.

बसून बसून हात शिवशिवतात. काल तर मी रिकाम्या हवेतच वायर ओवत होते म्हणे, खोलीतल्या तिघी हसल्या. काम नको म्हणून भांडलो नाही गं, काम हवं म्हणूनच भांडलो.

दादाला सांगितलं नाहीस ना?

डावरी


११ मार्च

डावरे,

सांगितलं नाही. काळजीनं जीव अर्धा झालाय, पण ते भांडण नंतर. आधी माझी अडचण. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

ते मोठं काम आलं. तुमच्यासारखंच, मोटारींचं. एका सकाळी आम्ही गेलो तर शेडमध्ये ट्रकभर बोर्ड लावलेले: तिरके फळे, खाली चाकं, अंगभर खुंट्या. कुठून आले कुणी सांगत नाही. कंपनीचं नाव होतं तिथे खरवडलंय. बाकीच्या बोर्डांवर आमचे हात दोन दिवसांत बसले. पण शेवटचा बोर्ड, जिथे सगळ्यांच्या वायरी येऊन एकत्र बांधायच्या, तो उलटा आहे! खुंट्या उलट्या बाजूला कललेल्या, गुंफण उलटीकडून. ज्या बाईला उभी करते तिचे हात एकमेकांत अडकतात. रिजेक्टचा ढीग पडलाय. खुंट्या काढून सुलट बसवाव्यात तर त्याचा नकाशा साहेबांकडेही नाही.

मला एकदम तुझी आठवण झाली. हा बोर्ड कुणा डावखुरीनंच लावून घेतलाय, नक्की! तू माझ्यासमोर असतीस तर एका दिवसात मार्ग काढला असतास. असं काम कसं करायचं, ते सविस्तर लिही. कुठून सुरुवात, कोणत्या हातानं काय. माल वेळेत गेला नाही तर पर्मनंट होणं राहू दे, लाइनच बंद करतील.

तुझ्यावर भार आहे, त्यात मी आणखी टाकते. पण दुसरं कुणाला विचारू?

वहिनी


१६ मार्च

माझ्या लाडक्या लाइन लीडरबाई,

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी खदखदून हसले. म्हणजे जगात मी एकटीच नाही! शेवटचा बोर्ड सगळीकडे डावखुऱ्यांनाच देतात की काय? मीही माझा बोर्ड असाच सुपरवायझरशी भांडून उलटा करून घेतला होता. तुझ्या त्या अनोळखी बाईला माझा नमस्कार सांग, भेटली तर.

आता नीट वाच. बाईला बोर्डाच्या मधोमध उभी करू नकोस, तिथेच सगळे फसतात. उजव्या टोकाला, अंग थोडं तिरकं करून. जाड काळी वायर सगळ्यात आधी. उजव्या हातानं नुसती धरायची, ओवायची डाव्यानंच. सुरुवातीला डावा हात ऐकणार नाही, शिव्या देईल, देऊ दे. मग लाल-पांढऱ्या जोडीनं. पातळ वायरी शेवटी, आणि त्या दातात धरू देऊ नकोस, नव्या पोरी हटकून धरतात. टेप खालून वर गुंडाळायची, वरून खाली नाही, नाहीतर जुडग्यातून निघणाऱ्या फांदीच्या तोंडाशी सुटते. पहिल्या दिवशी टार्गेट सांगूच नकोस. आणि शक्य तर एखादी डावखुरी शोध. लाइनला असतेच एखादी, लहानपणी मार खाल्लेला म्हणून सांगत नाही.

हे लिहिताना माझा हात कागदावर कमी आणि हवेत जास्त होता. वकिलीणीनं विचारलं, कुणाला लिहितेस एवढं? म्हटलं, वहिनीला काम शिकवतेय. ती म्हणाली, शिकव, शिकव, घरचं माणूस पर्मनंट होतंय तर होऊ दे.

इथे बोलणी नाहीत, काही नाही. आत सामसूम. साहेब येतात, जातात, आमच्याकडे बघतही नाहीत. माल अडलाय तर त्यांना घाई कशी नाही, याचं कोडं सुटत नाही.

डावरी


२७ मार्च

डावरे, माझ्या गुणाच्या पोरी,

जमलं! तुझं पत्र मी लाइनवर मोठ्यानं वाचून दाखवलं. तू म्हणालीस तशी एक डावखुरी निघालीसुद्धा, तीन वर्षं उजव्या हातानं काम करत होती बिचारी. आता तिचे हात असे चालतात की बघत राहावं. रिजेक्ट जवळजवळ बंद. बायका तुला न बघता दुवा देतात.

त्या बोर्डावरचं एक कौतुक सांगते. वरून चौथ्या खुंटीला कुणीतरी कापडाची पट्टी गुंडाळलीय, बोट कापू नये म्हणून. जांभळ्या चौकड्यांची, उशीच्या अभ्र्याची वाटते. आमच्या पोरीनं ती तशीच ठेवलीय, म्हणते, तिच्यामुळे हात चालतो.

आणि मुख्य बातमी. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे कुठे शिकलीस? मी कशाला लपवू? अभिमानानं सांगितलं, माझी नणंद मोटारींच्या वायरींत आहे, तिनं पत्रातून शिकवलं. तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर कसातरी झाला, पण मग एकदम गोड बोलायला लागले. म्हणाले, अशा हुशार बाईला आपण इथे बोलावून घेऊ, बाकीच्यांना शिकवायला. थेट पर्मनंट! बघ, देव एक दार बंद करतो तेव्हा वहिनीला दुसरं उघडायला सांगतो. आता ती ताडपत्री सोड आणि ये. दादालाही मग सगळं सांगता येईल.

वहिनी


३१ मार्च

वहिनी,

ती पट्टी माझ्या उशीच्या अभ्र्याची आहे.

तुझं पत्र आज आलं. त्याआधी, परवा, कंपनीची गाडी गेटवर आली. आमचे साहेब खाली उतरले आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन हाक मारली. माझं एकटीचं. हसून म्हणाले, "चला, तुमची वहिनी वाट बघतेय. तुम्ही शिकवलेलं काम फार छान चाललंय." मला काहीच कळेना. मी म्हटलं, "कसलं काम?" पण बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या त्या वळल्याच. मी गाडीत बसले नाही, तरी काय उपयोग? वकीलीण नुसती बघत होती. मी तुला पत्र लिहितेय हे तिनं पाहिलं होतं ना.

आज तुझं पत्र वाचलं आणि तसंच वकिलीणीच्या हातात दिलं. आम्ही कारखान्याच्या मागच्या बाजूला पळत गेलो. तिकडे आम्हांला कधी जाऊच देत नसत, त्यामुळे तिथे रस्ता आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कँटीनमागची भिंत ट्रक काढायला पाडून पुन्हा बांधलीय, सिमेंटचा रंग अजून वेगळा दिसतो. आम्ही इमानेइतबारे पुढच्या गेटची राखण करत बसलो होतो!

तुझं मोठं काम म्हणजे आमचं काम, आमच्या कंपनीनं तुमच्या साहेबांकडे दिलेलं. तुझे बोर्ड म्हणजे आमचे बोर्ड. जो संप मोडू नये म्हणून मी उन्हात बसले, तो मोडायचं कसं हे मीच तुला लिहून पाठवलं, खालून वर टेप गुंडाळून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझ्यावर चिडू की माझ्यावर, कळत नाही. तुझ्यावर चिडलेय. माझं नाव सांगायची काय गरज होती?

खोलीतल्या तिघी माझ्याशी बोलत नाहीत. माल गेला की आम्ही संपलो, वहिनी. मग त्यांना आमची गरजच नाही. आणि माल थांबला तर तू संपलीस. मी तुला काय सांगू? काम थांबव म्हणू? कर म्हणू?

डावरी


६ एप्रिल

डावरे,

आधी तुझी माफी मागते, मग रडते, मग बाकीचं लिहिते.

मी खोटं लिहिलं होतं. दादा कामावर जात नाही. गोदामात पोतं उचलताना पाठ गेली, चार महिने झाले. घरी पडून असतो, म्हणून फोन त्याच्या उशाशी. घर माझ्या एकटीच्या जिवावर आहे. तुला कळलं तर तू सगळं सोडून धावत येशील आणि मी तुझ्या पायातली बेडी होईन, असं वाटलं. म्हणून लपवलं. आणि पर्मनंटचं नाव काढलं की माझी अक्कल गहाण पडते. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोल लावू?

तुझं पत्र दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगितलं, हा बोर्ड माझ्या नणंदेचा आहे. बाकीचेही अशाच बायकांचे आहेत, आणि त्या गेटबाहेर बसल्यात. कुणी जेवलं नाही. एक म्हणाली, आपण काय त्यांचं चोरलं का? दुसरी म्हणाली, आपल्याला कुठे माहीत होतं? तिसरी म्हणाली, आता माहीत झालं. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. लाइन लीडर मी. डोक्यात नुसता गोंधळ. काम बंद करू म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, निदान साहेबांना विचारू तरी, त्या बायकांचं पुढे काय होणार.

विचारलं गं फक्त. शपथेवर सांगते, संप नाही, मागणी नाही, घोषणा नाही. तीसजणी ऑफिसच्या दारात उभ्या राहिलो आणि मी तेवढं विचारलं. साहेब म्हणाले, बाहेर थांबा, सांगतो. आम्ही बाहेर गेलो. मागे गेट लागलं.

तेव्हापासून आम्ही बाहेर आहोत. बोर्ड आत आहेत, या वेळी मागच्या बाजूलाही दोघी बसवल्यात. पण आम्ही संपावर आहोत, की काढून टाकलंय, की साहेब अजून सांगायचेत, हे कुणालाच समजत नाही. दादाला सगळं सांगितलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "दोघींनी मिळून घर बुडवलंत." मग थोड्या वेळानं म्हणाला, "गेटवर बसायला सतरंजी ने."

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण जेवत जा.

वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी गेटवर सगळ्यांना वाचून दाखवलं. दादाच्या पाठीपासून सतरंजीपर्यंत. माझी बाजू मांडायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि आणखी लपवालपवी मला झेपली नसती. दादाचं वाचताना मला रडू आलं. तू एकटीनं हे चार महिने ओढलंस आणि मला जेवत जा म्हणत राहिलीस! भेटलीस की आधी भांडणार आहे.

खोलीतल्या दोघी बोलायला लागल्या. एक अजून बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

आता नीट वाच, घाईचं आहे. काल आमच्या साहेबांनी स्वतः वकिलीणीला आत बोलावलं. तुमचंही गेट बंद झाल्यापासून माल खरंच अडलाय. परदेशचा गाडीवाला ओरडतोय, बंदरावर बोट थांबलीय म्हणतात. कोण खरं, कोण खोटं, देव जाणे. तो अत्तरवाला पुढारीही आत बसला होता, कुणाच्या बाजूनं ते अजून ठरलेलं नाही. साहेब म्हणाले, तुमच्या मागण्या सांगा. वकीलीण म्हणाली, "आणखी तीसजणी दुसऱ्या गेटवर आहेत. त्यांच्या मागण्या आल्याशिवाय मी बसणार नाही." आणि उठून आली! मी तिला म्हटलं, अगं, त्या आपल्या कोण? त्यांनी आपलं काम केलंय. ती म्हणाली, "केलं. मग विचारलंही त्यांनीच."

मला भीती वाटते. तुमचे साहेब तुम्हांला वेगळं बोलावतील, पर्मनंट करतो म्हणतील, आत या म्हणतील. तुम्ही गेलात तर मी काय तोंडानं तुला नावं ठेवू? दादा घरी पडलाय. म्हणून मी काही सांगत नाही. तुमच्या मागण्या काय, तेवढं लिहून पाठव; वकिलीणीला कागदच हवा, फोन चालत नाही. तुमच्या, तुमच्या मनच्या.

डावरी


१९ एप्रिल

डावरे,

तू म्हणालीस तसंच झालं. साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, सगळ्यांना घेऊन आत ये, आजच पर्मनंट करतो. मी म्हटलं, बायकांना विचारते. हल्ली मला विचारायची खोडच लागलीय.

मग सतरंजीवर बसून तुझं पत्र वाचलं. मागण्या म्हणजे काय लिहितात, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. आमच्या कुणाला आजवर कुणी काय हवं म्हणून विचारलेलं नाही, घरीसुद्धा नाही. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या, ते थांबेचनात. त्या गोंगाटात ती डावखुरी पोरगी, जी तुझ्या बोर्डावर उभी असते, ती म्हणाली, "आधी त्यांना कामावर घ्या म्हणावं. त्यांच्या बोर्डांसकट."

हे म्हटलं की आमच्याकडचं मोठं काम जाणार, हे तिला कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. परत वॉशिंग मशीन, परत कंत्राट, कदाचित तेही नाही. मग हात वर करायचं ठरलं. चौघींनी हात वर केला नाही. एकीची पोरं लहान आहेत, एकीच्या घरी माझ्यासारखंच आहे. मी त्यांना एक शब्द बोलले नाही, तूही वकिलीणीला बोलू देऊ नकोस. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला. डोळ्यांपुढे तुझा दादा होता, म्हणून उशीर झाला. पण गेला.

तेव्हा लिही. पहिली मागणी: तुम्हां सगळ्यांना परत कामावर घ्यायचं, तुमच्या जागेवर, तुमच्या बोर्डांवर. दुसरी मागणी आमची स्वतःची आहे, आणि ती अजून ठरत नाही. बायका कडकडून भांडतायत, एक म्हणते स्टूल, एक म्हणते पर्मनंट, एक म्हणते आधी चहा. टपाल चुकेल म्हणून मी एवढंच पाठवते. ठरलं की दुसरी कळवते.

तुझी वहिनी